पेनिएली आला त्या दिवसापासून

बोट प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी होती आणि ओहोटी लागली होती. माणसं बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीची आता एकच फेरी उरली होती.

वालिसी किनाऱ्यावर केवड्याच्या चटईवर बसली होती. तिच्या पोटातलं बाळ आडवं होतं. नर्स सुलियाने सकाळी पुन्हा चाचपून पाहिलं होतं. आडवं बाळ या बेटावर सुखरूप बाहेर येणं कठीण. त्यासाठी राजधानीच्या बेटावरचं, फुनाफुतीचं हॉस्पिटल गाठायला हवं. आणि पुढची बोट महिन्याने.

"ती पुढच्याच बोटीने जाईल," सासू तेपुला म्हणाली. "माझा पेनिएली घरी आला त्याला अजून नऊ महिने भरायचेत. त्यात हा मुलगा. पोट बघा कसं टोकदार आलंय. मुलगे आळशी, आठवडाभर उशिराच उठतात."

"माझा पंचवीस वर्षांचा झाला, अजून उठायचाय," मागून एक बाई म्हणाली. बायका हसल्या.

वालिसीला हसू आलं नाही. परवा नर्स सहज बोलून गेली होती, अडतिसावा आठवडा आहे म्हणून. घरी येऊन तेपुलाने बोटांवर आठवडे मागे मोजले, आणि तिची बोटं मध्येच थांबली. वालिसीचा नवरा पेनिएली मालवाहू जहाजावर खलाशी. त्या हिशोबाच्या सुरुवातीला तो भर समुद्रात होता. तेपुलाने सुनेला काही विचारलं नाही. "नर्सचं चुकलंय. कुणापुढे बोलू नकोस," एवढंच म्हणाली. वालिसीच्या आयुष्यात दुसरा कुणी पुरुष नव्हताच. पण होडीत पाय ठेवायचा म्हणजे तो हिशोब कबूल करायचा. नाही ठेवला, तर बाळ जायचं, कदाचित तीही.

"पाणी उतरतंय," होडीवाला ओरडला. "कुणी यायचंय का?"

सुलिया तिच्यापाशी वाकली. "तू बोल पोरी. तुला जायचंय ना?"

बाळाने कुशीत ढुशी दिली. वालिसीने डोळे मिटले.

"सिस्टर, तुमचा अडतिसावा आठवडा खरा धरला, तर तेव्हा पेनिएली इथे नव्हता."

बायकांचं हसणं विझलं. "गप्प बस," तेपुला पुटपुटली.

सुलिया होडीकडे पाठ करून वाळूत मांडी घालून बसली, जणू हातात अख्खा दिवस होता.

"तेपुलाआई, नारळाच्या तुऱ्याची पोय बांधली की त्याच दिवशी नीरा पडते का?"

"हे काय मध्येच? बांधायची, वाकवायची, रोज कापायची. मग कुठे थेंब सुटतो."

"आणि तुम्ही दिवस कधीपासून धरता?"

"बांधली तेव्हापासून. ते आपल्याला ठाऊक असतं. थेंब कधी सुटेल ते कोण सांगणार?"

"आम्हीही तसंच धरतो. गर्भ कधी राहिला ते कुणाला दिसत नाही. पाळी आलेली मात्र बाईला आठवते. म्हणून शेवटच्या पाळीपासून मोजायचं. आमच्या हिशोबातले पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं."

तेपुलाने पुन्हा बोटांवर आठवडे मोजायला घेतले. वालिसीही मनात मोजत होती. पाळी आली, गेली, चार दिवस पाऊस पडला आणि मग पेनिएलीचं जहाज लागलं. नीट बसत होतं. पण सासूची बोटं कुठवर आली होती, ते तिला कळत नव्हतं.

बोटं थांबली.

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?" तेपुला सुलियावर खेकसली.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि मुलगा उशिरा येतो, ते?"

"त्या भरवशावर मी आडवं बाळ सोडणार नाही."

तेपुलाने लुंगी गुडघ्यावर खोचली, वालिसीला दंडाला धरून उठवलं आणि पाण्यात शिरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं. खडक निसरडा होता. होडीवाल्याने वालिसीला वर ओढून घेतलं. मागून तेपुलाही चढली. तिची पिशवी किनाऱ्यावरच राहिली होती.

कड्यावरची लाट होडीला वर उचलू लागली, तेव्हा ती वालिसीच्या कानाशी वाकली.

"मी तुला विचारायला हवं होतं."

"हो, आई," वालिसी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली.