आपला आपण उठला

"काका, आज काहीही दिसू दे, हात लावायचा नाही."

"नाही लावत गं," म्हणून गुणाजींनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरून ते कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

शेजारच्या मोहने गावातल्या कारखान्यातलं काम सुटल्यावर ते आंबिवलीच्या या धर्मादाय डायलिसिस केंद्रात देखभालीला लागले, ते इथलेच झाले. कॉम्प्युटर मात्र ठाण्याच्या ऑफिसात बसून संचिता सांभाळायची. तिनं पाठवलेलं अपडेट कधी बिनसलं की पडदा काळा पडे आणि मग ठाण्याहून तिचं काही चालत नसे. "काका, धावा!" असा फोन येई. गुणाजींनी बटण दाबून कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा आणि पडद्यावरच्या यादीत बाणाच्या कळीनं खाली येऊन दुसरी ओळ निवडायची. तिथे कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सची जुनी, न बिघडलेली आवृत्ती जपून ठेवलेली असे. पेशंटांची वजनं, मागच्या नोंदी पुन्हा दिसू लागत. "काका, तुम्ही नसतात तर!" सिस्टर म्हणत. त्या दिवशी घरचा चहाही गोड लागे.

आता संचितानं नवी सोय केलेली. नवं उभं राहिलं नाही, तर कॉम्प्युटरनं आपलं आपण जुन्यावर परतायचं. ते जमतं का, हे पाहायला आज तिनं मुद्दाम बिघडलेलं अपडेट पाठवलं होतं.

"धडधाकटाला पाडायचं कशाला?" त्यांनी सकाळी विचारलेलं.

"पडून उठतो का ते आपण हजर असताना बघायला नको? खरंच पडेल तेव्हा तुम्ही गावाला असलात तर?"

पडदा काळा झाला. काळाच राहिला. दुपारच्या पाळीचे पेशंट बाहेर बाकांवर येऊन बसू लागले. सोनल सिस्टर दारातून डोकावली.

"काय काका, ध्यान लावलंय का? दाबा ना ते तुमचं बटण!"

"थांब जरा. ठाण्याचा हुकूम आहे."

"हुकूमवाली तिकडे एसीत! बोलणी मला खायला लागतात." ती तणतणत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. एकदा बटण, एकदा बाण, की झालं. 'नाही उठला पोरी, मीच उठवला,' एवढंच म्हणायचं होतं. तिनं विश्वास ठेवला असता. फोन येत राहिले असते. हात कधी पुढे आला ते त्यांनाही कळलं नाही. बोट बटणावर टेकलं.

बाहेर बाकावर रामा म्हात्रे हा नेहमीचा पेशंट खोकला. आपण नसू त्या दिवशीही रामा याच बाकावर येऊन बसणार, असं गुणाजींच्या मनात आलं. त्यांनी बोट काढून घेतलं.

कॉम्प्युटर आतल्या आत घुरघुरला. पडदा उजळला, ओळी सरसर सरकल्या आणि पेशंटांची नावं समोर आली.

फोन वाजला. "काका, आला ना? हात नाही ना लावलात?"

"नाही. आपला आपण उठला."

पलीकडे संचितानं टाळीच वाजवली. "सुटलात काका! आता धावपळ नाही, माझे फोन नाहीत, काही नाही."

"हो ना," गुणाजी म्हणाले.

फोन मात्र कुणी ठेवेना.

"जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं. इतक्या फोनांत हे कधी विचारायचं झालंच नव्हतं.

"आज संकष्टी ना काका. चंद्र दिसल्यावर."

"बरं, बरं. ठेव मग."

तिनं ठेवला. सिस्टर घाईनं आत आली, तशी गुणाजींनी बाजूला सरून खुर्ची तिच्याकडे ओढून दिली.