चाळीस दिवसांचा पथ्यकरी

मित्रांनो, मी एक जुनी चरबीची पेशी आहे. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या कॉन्रॅडच्या पोटावर, पट्ट्याच्या जरा वर, माझे घर आहे. चरबी म्हटले की तुम्ही नाक मुरडता, पण मी आळशी नव्हते. इन्सुलिनने हाक मारली की रक्तातली साखर आत घ्यायची आणि चरबी करून जपून ठेवायची, हे माझे काम. पहिली काही वर्षे मी एकही हाक चुकवली नाही.

कॉन्रॅडची केळीची वाडी आहे. राजेळी केळी उन्हात वाळवून तो सुकेळी करतो आणि चव बघता बघता आठ-दहा संपवतो. मुलगी सुझान रागावली की म्हणतो, "अगं, नुसतं ऊन लागलंय. साखर कुठं घातलीय मी?"

रक्तात साखर साचली की ती प्रथिनांना चिकटते. अल्ब्युमिन हे प्रथिन म्हणजे रक्तातला साधा हमाल. साखर चिकटून तो बिघडला आणि रोज माझ्या अंगावर येऊन आदळू लागला. मी आतून जळू लागले. इन्सुलिनची हाक मला कमी ऐकू येऊ लागली. बाहेर साखर आणखी साचली, आणखी हमाल बिघडले.

हे कोणाला कळले नाही, कारण कॉन्रॅड हुशार. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात तो गोडाला शिवत नाही, आणि रक्त तपासतो ते दरवर्षी नेमके ईस्टरच्या आठवड्यात. रिपोर्ट बरा येतो. "बघ, देवालासुद्धा पटलं," म्हणत तो सुकेळ्यांचा डबा उघडतो. उरलेल्या सव्वातीनशे दिवसांची चौकशी कोणी करत नाही.

यंदा पावसाळ्यात त्याला चप्पल चावली. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या; दुखले नाही, म्हणून त्याने पाहिले नाही. पायाचा अंगठा काळा पडला. तो काढावा लागेल, असे डॉक्टर म्हणाले.

"पण माझा रिपोर्ट चांगला होता," कॉन्रॅड म्हणाला.

"कधीचा?"

"ईस्टरचा," सुझान म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

अंगठा गेला. आता इन्सुलिनची सुई रोज माझ्या शेजारीच टोचतात. हाक अगदी कानाशी येते, तरी मला धड ऐकू येत नाही. काल त्याने विचारले, "एवढ्यावर थांबेल ना गं?" सुझान हो म्हणाली. मी नाही म्हणाले, पण माझे त्याला ऐकू जात नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. घरचा माणूस पथ्याच्या दिवसांत नव्हे, पोटभर गोड खात असतानाच तपासायला न्या. तो रुसेल, चार दिवस बोलणार नाही. पण स्वतःच्या दोन पायांनी घरभर फिरत रुसेल.