कडी लावलेलं दार

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि बंद दारासमोर शेवंताबाई समाधानाने उभ्या होत्या.

"सुनंदा, दार उघाड व माय. मी शे."

सुनंदा त्यांच्या मागेच उभी होती, इस्पितळाच्या पांढऱ्या लुगड्यात. एक बाळंतीण अडली, म्हणून रात्रपाळी लांबली होती. सासूबाई दुपारी यायच्या, त्या पहिल्याच यष्टीने धुळ्यात उतरल्या. हातात रिकामी पिशवी होती, नातीच्या कपड्यांसाठी. तिला गावी घेऊन जाणार, असं दिवाळीतच बजावून गेल्या होत्या, "तुम्ही दोन्ही कामवर. पोरले कोन दखी? मी लई जासू."

"आत्याबाई," सुनंदा हळूच म्हणाली.

शेवंताबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं, मग दाराकडे. थपथप चालूच होती.

"तू आठे शे. मंग मझार कोन भाकरी थापी ऱ्हायनं?"

आवाज थांबला. जरा वेळाने कडी निघाली. दारात सुनंदाचा नवरा, कचेरीतले कारकून गिरधरराव, कोपरापर्यंत पिठात! कडी शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून असे. रात्रभर जागून सुनंदाबाई पहाटे भाकरी थापतात, याचं शेजारच्या कमलबाईंना भारी कौतुक. आणि सुनंदाने ते कधी नाकारलं नव्हतं.

"माय, भाकर करपी जाई!" म्हणत तो चुलीकडे पळाला.

चुलीपासून लांब, पाटावर बेबा बसली होती. न्हाऊन, तेल लावून, दोन वेण्या घालून. पिठाच्या गोळ्याशी खेळत. शेवंताबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"भांग वाकडा शे."

सुनंदाचा जीव त्या पिशवीत अडकला होता.

सासूबाई जेवायला बसल्या. एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. "कड जाड शे," म्हणाल्या आणि उठून परातीपाशी गेल्या. "सरक. आंगठा आसा फिराव."

संध्याकाळी यष्टीत चढताना पिशवी भरलेली होती, पण भाकरी आणि मिरचीच्या ठेच्याने. बेबा सुनंदाच्या कडेवरच होती.

खिडकीतून शेवंताबाई वाकल्या. "गावमा मी सांगसू, सूननी भाकर शे."

"सांगा," सुनंदा म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

गाडी गेली. गिरधरने मनगटावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडलं आणि बेबाला घ्यायला हात पुढे केले. सुनंदाची रात्रपाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.