गिटन्सच्या खोलीतला गालिचा

युडोरा गिटन्सचा दिवस पाण्यात जायचा आणि संध्याकाळ पाण्यापायी. दिवसभर ती टेकडीवरच्या गोऱ्यांच्या वस्तीत व्हिटलॉकबाईंकडे कपडे धुवायची. तिथे माणसं दोन आणि नळ पाच. त्यातला एक तर मागच्या अंगणात, खास कुत्र्याच्या आंघोळीचा. संध्याकाळी ती खाली आपल्या वस्तीत, एकशे चौदा नंबरच्या बराकीत यायची. तिथे बारा बिऱ्हाडं आणि नळ एक, तोही खाली अंगणात. युडोराची खोली वर. बावीस पायऱ्या, रोजच्या आठ बादल्या, आणि दोन वर्षांपासून दुखणारा उजवा गुडघा. एकोणीस वर्षं तिचं देवाकडे एकच मागणं होतं. स्वर्ग राहू दे, नळ तेवढा वरच्या मजल्यावर आण.

पनामाच्या कालव्यावर माणसांच्या दोनच जाती, सोन्याची आणि चांदीची. गोरा तो सोन्याचा, काळा तो चांदीचा. कधी काळी पगार त्या त्या नाण्यांत व्हायचे म्हणे. आता सगळ्यांना कागदी नोटाच मिळायच्या, पण पाट्या जिथल्या तिथे होत्या. दुकानाला दोन दारं, पोस्टाला दोन खिडक्या, पाणी प्यायला दोन तोट्या. पाटीवर रंगाचं नाव कुठेच नाही, हे साहेब लोक छाती फुगवून सांगायचे. फुगवेनात का!

तर एका रविवारी पाद्र्याने देवळात सांगितलं की अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठातून मिस हॅलोरन नावाच्या बाई येणार आहेत. गोरी कुटुंबं आणि पनामाची कुटुंबं कशी राहतात, काय खातात, घरात काय काय आहे, हे सगळं त्या तपासणार आणि ताडून बघणार. जिथे हाल जास्त, तिथे आधी सुधारणा. एकशे चौदा नंबरमधून चिठ्ठी निघाली ती गिटन्सची.

"पनामाची कुटुंबं!" युडोराचा नवरा कथबर्ट घरी येताना म्हणाला. तो कालव्याच्या दरवाजांना वंगण घालायचा आणि प्रत्येक गोष्टीवर मत द्यायचा. "शहरात गेलो की तिथले लोक आपल्याला बेटावरचे म्हणतात. इथे साहेब चांदीवाले म्हणतो. बाप ज्या बेटावरून कालवा खणायला आला तिथे गेलो, तर ते म्हणतील, हा कोण पनामाचा! चला, निदान एका कागदावर तरी आपल्याला गाव मिळालं."

नळावर मात्र या बातमीने नुसती धांदल उडाली. त्या नळाचा एक कडक नियम होता. रांग मोडायची नाही. पाद्री आला तरी शेवटी उभं राहायचं, आणि ज्याची बादली त्यानेच उचलायची. त्या रांगेत शेजारीण क्लोरिंडाने युडोराचा दंड धरला.

"हे बघ, आता सगळं तुझ्या हातात आहे. ती आली की कण्हायचं. गुडघा दाखवायचा. पाण्याचं रडगाणं गायचं."

"गाईन की," युडोरा म्हणाली. "गुडघा आहेच माझा, उसना थोडाच आणायचाय?"

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते टेकडीवर.

बुधवारी व्हिटलॉकबाईंनी तिला कोठीच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. युडोराला वाटलं, गेली आपली नोकरी.

"युडोरा, ती पाहणीवाली बाई शुक्रवारी सकाळी माझ्याकडे येतेय," बाई कुजबुजल्या. "सगळ्यांचं म्हणणं आहे की ही आमच्या भत्त्यावर टपलीय."

हा भत्ता म्हणजे उष्ण देशात हाल सोसल्याबद्दल गोऱ्यांना पगारावर मिळणारा चौथा हिस्सा. व्हिटलॉकबाई हे हाल पंख्याखाली बसून, बर्फाचं सरबत पीत सोसत होत्या.

"मग, बाईसाहेब?"

"मग घरात एवढं सामान बघून ती काय लिहील? म्हणून म्हणते, गालिचा, चांदीचा चहाचा सेट आणि ते टोले देणारं घड्याळ दोन दिवस तुझ्याकडे ठेव. तुझ्या घरात असलं काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही."

"खरंय, बाईसाहेब. माझ्यासुद्धा येत नाही."

"आणि तुझ्याकडे जुन्या सपाता असतील ना? फाटक्या? आणि टवके उडालेला एखादा कप?"

अशा तऱ्हेने धुण्याच्या हातगाडीत चादरींखाली लपून गालिचा, चहाचा सेट आणि घड्याळ टेकडी उतरले, आणि युडोराच्या सपाता न् टवके उडालेला कप टेकडी चढले. गाडी ढकलताना वाटेत घड्याळाने चादरीतूनच पाच टोले दिले. गस्तीचा पोलीस थबकला. युडोरा मोठमोठ्याने स्तोत्र म्हणत पुढे निघून गेली.

"पलंगाखाली ढकल," घरी आल्यावर कथबर्ट म्हणाला. "आणि झाकून टाक. विषय संपला."

ढकललं. पण शुक्रवार उजाडला आणि युडोराच्या जिवाला चैन पडेना. मिस हॅलोरन दुपारी यायची होती, म्हणून युडोराने त्या दिवशी सुट्टी घेतली होती. युडोराने एकदा केर काढला, मग दुसऱ्यांदा काढला. मग दारात उभी राहून तिने आपल्या खोलीकडे परक्या बाईच्या नजरेने पाहिलं. फळ्यांची जमीन, भिंतीवर गळतीचे डाग, एक पाय आखूड असलेली खुर्ची. तिची आई ऊस तोडून आली तरी पाहुण्याला धुतलेल्या टेबलक्लॉथवर सरबत द्यायची. बेटावरून बोटीने आलेल्या या लोकांनी बाकी काही आणलं नव्हतं, पण पाहुणा येणार म्हटलं की पुढची खोली सजलीच पाहिजे, एवढं आणलं होतं. पोटाला चिमटा घेतील, पण पडद्याला इस्त्री करतील.

"निदान पडदे तरी," ती स्वतःशीच म्हणाली.

क्लोरिंडाकडे लेसचे पडदे होते. क्लोरिंडा तावातावाने म्हणाली, "अगं, गरिबी दाखवायचीय ना आपल्याला?" आणि मग स्वतःच पडदे घेऊन आली. "पण ती बाई बाहेर जाऊन सांगेल ना, एकशे चौदाच्या बायका गलिच्छ राहतात म्हणून! ते मी नाही खपवून घेणार." पडद्यांमागोमाग कुणाच्या चार खुर्च्या आल्या, कुणाची फुलदाणी आली. मग खुर्च्यांखालच्या फळ्या अगदीच उघड्या दिसायला लागल्या, म्हणून फक्त थोडा वेळ गालिचा काढला. तो खोलीपेक्षा मोठा निघाला. दोन बाजूंनी भिंतीवर चढला आणि एका बाजूने पलंगावर जाऊन बसला. गालिचा आहे तर घड्याळ का नको? आणि पाहुणीला सरबत काय टवके उडालेल्या कपातून द्यायचं? तोही आता टेकडीवर!

कथबर्ट कामावरून आला तो दारातच थिजला.

"युडोरा, अगं ती हाल बघायला येतेय! तू तर राजवाडा मांडून बसलीस!"

"मग काय उकिरड्यात बसवू तिला? आयुष्यात पहिल्यांदा गोरी बाई माझ्या दारात येतेय. मी गुडघ्याचं सांगणारच आहे, पण नीट खुर्चीवर बसवून सांगेन."

कथबर्टने डोक्याला हात लावला. तेवढ्यात पायऱ्या वाजल्या.

मिस हॅलोरन तिशीतली, उन्हाने लाल झालेली, घामाघूम बाई होती. हातात फळी, फळीवर छापील कागद. ती गालिच्यावर आली, अडखळली आणि भिंतीवर चढलेल्या कडेकडे पाहत राहिली.

"बसा ना, मिस. सरबत घ्या. नारळाच्या वड्या घ्या, पाक जरा चिकट झालाय."

मिस हॅलोरनने वडी घेतली आणि दुसऱ्या हाताने कागद उलटला. "घरात गालिचा आहे?"

युडोरा देवळातल्या गायनवृंदातली, पहिल्या रांगेतली बाई. जन्मात खोटं बोलली नव्हती. "आहे, मिस."

"तुमच्याकडे कधीपासून?"

"फार दिवस नाही झाले."

"चहाचा सेट, चांदीचा?"

"तुमच्या समोरच आहे, मिस."

"घड्याळ?"

या प्रश्नाचं उत्तर घड्याळानेच दिलं, तीन टोले देऊन. खिडकीबाहेर कान लावून बसलेल्या क्लोरिंडाच्या तोंडून "अगं बाई!" निघालं, कारण असला आवाज इतक्या जवळून तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

मिस हॅलोरनने प्रत्येक ठिकाणी खूण केली. "कमाल आहे. सकाळी मी वर एका गोऱ्या कुटुंबाकडे गेले होते. बिचाऱ्या बाई फाटक्या सपाता घालून बसल्या होत्या. मला फुटक्या कपातून पाणी दिलं. जमीन उघडी. भिंतीवर नुसता एक गोल पांढरा डाग." ती बोलता बोलता थांबली. तिने घड्याळाकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "बरं. आमच्या नियमाप्रमाणे घरात यातल्या तीन वस्तू असल्या की स्थिती उत्तम. उत्तम स्थितीच्या घरांना सुधारणा सुचवत नाहीत."

एकोणीस वर्षांचा नळ युडोराच्या डोळ्यांसमोरून चालला होता, आणि तो तिनेच, स्वतःच्या हाताने, गालिच्यात गुंडाळून घालवला होता. खरं सांगावं तर व्हिटलॉकबाईंची अब्रू जाणार, आणि तिच्याबरोबर युडोराची नोकरी. न सांगावं तर बावीस पायऱ्या मरेपर्यंत. गुडघ्याचं सांगायचं होतं ते जिभेवरच येईना. कथबर्ट खुर्चीत हात चोळत बसला होता. त्याने तर मत द्यायचंही सोडलं.

मिस हॅलोरन उठली. तिच्या बोटांना पाक लागला होता, कागद हाताला चिकटत होते. "हात धुवायला नळ कुठे आहे?"

कथबर्टने कोपऱ्यातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"खाली, मिस," युडोरा म्हणाली. "बादली रिकामी आहे. सगळं पाणी जमीन पुसण्यात गेलं. थांबा, मी आणते." ती उठली, आणि नेमका तेव्हाच गुडघा कळवळला. तोंड वाकडं करून ती खाली बसली. त्यात सोंग अजिबात नव्हतं.

"राहू द्या. मीच जाते," मिस हॅलोरन म्हणाली आणि बादली उचलून खाली गेली.

तीन वाजून गेले होते, म्हणजे नळाची ऐन गर्दीची वेळ. मिस हॅलोरन सरळ नळाकडे गेली. रांगेतल्या एका म्हातारीने तिला बोटाने शेवट दाखवला.

"मला फक्त हात धुवायचेत," मिस हॅलोरन म्हणाली.

"मला फक्त भात शिजवायचाय," म्हातारी म्हणाली. "शेवटी, बाळ."

वरच्या सज्जातून युडोराने हे पाहिलं आणि तिला धरणी दुभंगावी असं झालं. पाहुणी उन्हात, बादली घेऊन, अकराव्या नंबरावर! "क्लोरिंडा, अगं कुणीतरी पुढे सोडा तिला!"

"रांग म्हणजे रांग," क्लोरिंडा म्हणाली. "तूच पाद्र्याला शेवटी उभं केलं होतंस."

पाऊण तासाने मिस हॅलोरनचा नंबर लागला. तिने हात धुतले, तोंड धुतलं. बादली तशीच सोडून निघणार, तर म्हातारीने पुन्हा बोट दाखवलं. "ज्याची बादली त्याने उचलायची." बिचारीने उचलली. दहाव्या पायरीवर टेकली, सोळाव्या पायरीवर अर्धी बादली सांडली. वर पोचली तेव्हा बूट भिजलेले, दम लागलेला, आणि बादलीत पाणी तळाशी.

"अशा किती बादल्या?" तिने विचारलं.

"रोज आठ, मिस."

मिस हॅलोरनने कागद काढला. वरून खालपर्यंत पाहिला. गालिचा होता, घड्याळ होतं, फुलदाणीसुद्धा होती. नळाचा रकाना कुठेच नव्हता. मग तिने कागदाच्या कडेला, समासात, ओल्या बोटांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना ती म्हणाली, "मिसेस गिटन्स, गालिचा तुमच्या खोलीला थोडा मोठा होतो."

"हो मिस," युडोरा म्हणाली. "उद्या परत जाणारच आहे तो." आणि आपण काय बोललो हे कळून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मिस हॅलोरन मात्र हसत हसत पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी सामान टेकडी चढलं. सपाता परत आल्या नाहीत. पुन्हा कधी पाहणी झाली तर असाव्यात म्हणून व्हिटलॉकबाईंनी त्या कपाटात जपून ठेवल्या. वर्षअखेरीला अहवाल आला. बाईंचा भत्ता कायम राहिला. शिवाय अमेरिकेतल्या कुठल्याशा धर्मादाय मंडळाने त्यांना जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवलं. ते धुवायला अर्थात युडोराच होती.

आणि मग एका मंगळवारी युडोरा कामावरून परतली, तर वरच्या सज्जात तिच्या दाराशेजारी कोरा पाइप आणि त्याला चकचकीत नळ. समोर वरच्या सहा बिऱ्हाडांची रांग, थेट पायऱ्यांपर्यंत. युडोराने घरातून बादली आणली आणि मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली.

"वेडी का गं तू?" क्लोरिंडा ओरडली. "जा की पुढे!"

"रांग म्हणजे रांग."

क्लोरिंडाने तिच्या हातातली बादली हिसकावली आणि पुढच्याला दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. अशी हातोहात ती बादली नळाखाली गेली. ज्याची बादली त्यानेच उचलायची, हा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला. युडोराने पुढे होऊन चावी फिरवली. बादली भरली. बादली उचलून ती घरात गेली, खाली ठेवली आणि भिंतीला टेकून रडायला लागली.

"आता काय झालं?" कथबर्ट घाबरून म्हणाला. "गुडघा?"

"तीन पावलं, गिटन्स," युडोरा हुंदके देत म्हणाली. "नळापासून इथवर फक्त तीन पावलं. मी मोजली." मग तिने बाहीने डोळे पुसले आणि एकदम तिला हसू फुटलं, इतकं की बाहेरची रांग आत डोकावली. "आणि त्या व्हिटलॉकबाईच्या घरात दोन पावलं, हो! त्याबद्दल तिला हालअपेष्टांचा भत्ता मिळतो!"