शालूबाईची भेंडी

होळी झाली तरी नाथाजीच्या रानात भेंडी टोकायची राहिलीच होती. आष्ट्याजवळच्या त्या एवढ्याशा रानात विकतच्या औषधाचा थेंब पडत नाही. एक गाय, दोन शेळ्या, पाचसहा कोंबड्या आणि खत सगळं घरचं. भेंडीचं बीसुद्धा घरचंच. त्याची बायको शालूबाई दर साली चांगल्या शेंगा झाडावरच वाळवायची आणि बी राखेत घालून मडक्यात ठेवायची. ती गेली आणि गेल्या उन्हाळ्यात नाथाजीनं टोकणच केली नाही. आता मडक्याच्या बुडाशी होतं तेवढंच बी. यंदा ते रुजलं नाही, तर शालूबाईची भेंडी संपली.

फौजेतल्या लेकाचा, जयराजचा फोन आला. "आबा, टोकायला शेजारच्या बनुबाईला घ्या की संगं."

"कशाला? आमी करतो की," म्हातारा म्हणाला. आमी म्हणजे कोण, हे पोरानं विचारलं नाही.

सकाळी त्यानं सगळं बी शेण-गोमूत्राच्या पाण्यात घोळलं. भिजलेलं बी परत मडक्यात ठेवता येत नाही. वाटी बांधावर ठेवून काठीनं भोकं पाडत तो निघाला. नवऱ्यानं पुढं भोक पाडायचं, बायकोनं मागून बी टाकून पायानं माती लोटायची, ही त्यांची लग्नापासूनची रीत. नाथाजी जरा मागं वळला की शालूबाई खेकसायची, "आवं, म्होरं बघा! वळ वाकडी हुती." म्हणून तो नाकासमोर चालला. चालता चालता शेळी व्यायल्याचं सांगितलं, जयराजचं सांगितलं. टोकाला पोचल्यावर काठी टेकून म्हणाला, "झालं का गं?"

मागं सगळी भोकं उघडी होती. एक कोंबडी त्यातल्या एकात चोच घालून बघत होती.

नाथाजी मटकन खाली बसला आणि मोठ्यानं रडला. ऐकायला होतं कोण? पण बी भिजलेलं होतं आणि ऊन चढत होतं. तो उठला, कोंबडी हाकलली, वाटी घेऊन पहिल्या भोकापासून बी टाकत निघाला. शालूबाईच्या जागेवरून चालताना त्याच्या ध्यानात आलं, इतकी वर्षं हिला आपली नुसती पाठच दिसली.

दुसऱ्या ओळीला त्यानं एक भोक पाडलं, मागं वळला, बी टाकलं, माती लोटली. पुन्हा भोक, पुन्हा मागं वळणं. वाटी रिकामी होईपर्यंत असंच चाललं.

आठवड्यानं दोन्ही ओळी उगवल्या. पहिली सरळ, दुसरी वाकडीतिकडी. नाथाजी त्या वाकड्या ओळीपाशी जाऊन उभा राहिला.

"उगवली गं," तो म्हणाला. "पर वळ वाकडी झाली. आता खेकस की."