आवाजाचा फोटो

चार बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत मालकांना कुणी मालक म्हणत नसे. त्यांचं नाव पडलं होतं फोटोसाहेब. साहेबांना याचा पत्ता नव्हता, कारण ते राहायचे रात्रभराच्या रेल्वेप्रवासाइतके लांब, आणि इमारतीत पाऊल टाकून त्यांना तीन वर्षं झाली होती.

जायची गरजच काय, असा त्यांचा सवाल असे. ते एका कॉलेजात शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांना ऐकवायचे, "इमारत सांभाळायला तिथं ठाण मांडून बसावं लागत नाही. शिस्त लागते." शिस्त म्हणजे त्यांचा नियम : तक्रार करायची तर फोटो पाठवायचा. फोटो नाही तर तक्रार नाही. राखणदार सोडून गेला तेव्हा त्यांनी पाण्याची मोटरसुद्धा फोनला जोडून घेतली. सकाळी सातला चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबायचं, की तिकडे मोटर सुरू. साडेसातला पुन्हा अंगठा, मोटर बंद. पाहुणे मुक्कामाला असले की साहेब हा प्रयोग मुद्दाम त्यांच्यादेखत करत.

पाच महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरचं सहा माणसांचं कुटुंब घर सोडून गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खालच्या घड्याळवाल्याच्या स्वयंपाकघरात छतातून पाणी ठिबकायला लागलं. घड्याळवाला नियमाचा पक्का. त्यानं फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले, वर वेळही लिहून पाठवली : रोज सकाळी सव्वासात ते साडेसात. प्लंबर आला, दहा मिनिटं भिंत ठोकून पाहिली आणि वरच्या सिंककडे बोट दाखवून गेला.

बाकीचा तपास साहेबांनी खुर्चीत बसून लावला. पाइप फुटला असता तर दिवसभर गळला असता. गळतं फक्त सकाळी. म्हणजे वर कुणीतरी सकाळी नळ उघडा टाकतं. आणि त्या मजल्यावर आता उरल्या होत्या शेजारच्या घरातल्या एकट्या सिस्टर.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, सडसडीत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकदाच फोन केला होता. "साहेब, पाणी माझ्या घरातलं नाही. सकाळी भिंतीच्या बाहेरून पडल्याचा आवाज येतो."

"फोटो पाठवा, सिस्टर."

"आवाजाचा फोटो कसा काढू?"

हे वाक्य साहेबांनी कॉलेजात तीन-चार वेळा तरी सांगितलं, नक्कल करून. सगळे पोट धरून हसले.

मग त्यांनी सिस्टरच्या भाचीचा नंबर मिळवला. "मावशींकडून नळ उघडे राहतात. वय झालं आहे. एकटं राहणं धोक्याचं वाटतं." असे तीन मेसेज गेले. दुसऱ्या मेसेजनंतर भाची येऊन मावशीची शेगडी उचलून घेऊन गेली; उद्या गॅस उघडा राहिला तर काय घ्या! तेव्हापासून सिस्टरना दोन वेळचा डबा येऊ लागला. तिसऱ्या मेसेजसोबत घर रिकामं करण्याची नोटीस गेली. सिस्टरनी वाद घातला नाही. साहेबांनी त्याचा अर्थ काढला, चूक मान्य आहे.

घर ताब्यात घ्यायला साहेब स्वतः आले. एवढं एक काम फोटोवर होणारं नव्हतं. सकाळी पावणेसातला ते जिना चढले तेव्हा भाची खोकी बांधत होती आणि सिस्टर ओल्या फडक्यानं ओटा पुसत होत्या. घर इतकं लख्ख होतं, की साहेबांनी पायातले बूट दाराबाहेर काढले.

सात वाजले. अंगठ्याला सवय. बोलता बोलता साहेबांनी फोन काढला, बटण दाबलं, फोन परत खिशात टाकला. खाली मोटर घुमायला लागली. इतक्या वर्षांत तिचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

सव्वासात झाले असतील. भिंतीपलीकडे पाणी घळाघळा कोसळायला लागलं. पाठोपाठ खालून घड्याळवाला ओरडला, "लागलं गळायला! सिस्टर, नळ बघा!"

सिस्टर धावल्या. सिंकचा नळ, मोरीचा नळ, पुन्हा सिंकचा नळ. सगळे कोरडे. तरी त्या पिळत राहिल्या. "मी बंद केलाय," त्या म्हणाल्या. "मला वाटतं मी बंदच केलाय."

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वर गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. जादा पाणी वाहून नेणारा पाइप मध्येच तुटलेला, त्यातून पाणी थेट भिंतीवर, भिंतीच्या भेगेत आणि तिथून आत मुरत खालच्या छतात. सहा माणसं घर सोडून गेली होती, पण साहेबांचा अंगठा अजून त्यांच्या वाट्याचं पाणी चढवत होता. रोज, अर्धा तास, चहा पीत.

त्यांनी फोन खिशातून अर्धाच वर काढून बटण दाबलं. मोटर थांबली, थोड्या वेळानं पाणीही थांबलं. त्यांनी डोकं आत घेतलं.

"काय झालं?" भाचीनं विचारलं.

"काही नाही. थांबलं."

खोटं कुठे आहे, थांबलंच की, असं त्यांनी मनाला समजावलं. बघणारं कुणी नव्हतं. उद्या गुपचूप प्लंबर लावायचा, मोटरची वेळ कमी करायची, विषय संपला. बाई तशाही निघाल्याच होत्या. साहेब ताब्याचा कागद काढून बसले. पेन होतं, हातही होता, पण घराचा नंबर काही केल्या आठवेना.

सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी किल्ल्या पुढे केल्या. "साहेब, माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला इतक्या लांब यावं लागलं. मला खरंच आठवत नाही हो, नळ कधी उघडा राहतो ते. वॉर्डात असताना एका औषधाची वेळ चुकली नव्हती माझी."

साहेबांना मान वर करवेना. ते बुटांशिवायच्या आपल्या मोज्यांकडे पाहत बोलले, "सिस्टर, नळ नव्हता. मोटर होती. माझी. टाकी भरून वाहते, पाइप तुटलाय. तुम्ही काही विसरत नव्हता."

खोकं बांधणाऱ्या भाचीच्या हातातली सुतळी सुटली.

"कधी कळलं?" सिस्टरनी विचारलं. आवाजात राग नव्हता. पेशंटला विचारावं तसं विचारलं.

"आत्ता. म्हणजे... मघाशी. खिडकीतून पाहिलं तेव्हा."

"त्याला दहा मिनिटं झाली."

"हो."

एवढ्या एका 'हो'ची साहेबांना जितकी लाज वाटली, तितकी पाच महिन्यांच्या गळतीची वाटली नव्हती. चूक होते माणसाकडून. पण ही दहा मिनिटं त्यांनी डोळे उघडे ठेवून गिळली होती, आणि हे त्या बाईला नेमकं कळलं होतं. त्या काही बोलतील, झापतील, म्हणून ते वाट बघत राहिले. झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही राहा, सिस्टर," ते घाईघाईनं म्हणाले. "नोटीस फाडून टाकतो. खाली घड्याळवाल्याला मी स्वतः सांगतो. जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगतो."

"ते सांगाच," सिस्टर म्हणाल्या. "महिनाभर धड बोलत नाही तो माझ्याशी."

भाची रडकुंडीला आली होती. "मावशी, मग राहायचं का? शेगडी संध्याकाळच्या आत आणून देते मी."

सिस्टर खोलीभर पाहत राहिल्या. मग त्यांनी किल्ल्या साहेबांच्या समोर, कागदावर ठेवल्या.

"नको गं. रात्रीतून तीन-तीनदा उठून नळ बघते मी. बघून आले की पुन्हा वाटतं, बघितला का नीट? ते काही यांच्या सांगण्यानं थांबायचं नाही आता."

त्या दाराशी गेल्या. जिन्याच्या तोंडाशी भाचीनं सवयीनं त्यांचं कोपर धरलं आणि मग चटका बसल्यासारखं सोडून दिलं. सिस्टर पहिल्या पायरीवर थांबल्या, आणि त्यांनी स्वतःच भाचीचा हात ओढून पुन्हा आपल्या कोपरावर ठेवला.