अर्ध्या इंचाचं पाप

मी टेप बोलतोय. कापड मोजायचा, साठ इंचांचा, पिवळा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात मी कामाला होतो. तिथली रीत अशी, की ज्याच्या गळ्यात टेप तो मास्टर. त्याला कोणी 'ए' म्हणत नाही, चहासुद्धा आधी त्याला मिळतो. त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका.

माझी पहिली मालकीण बनूबाई. तिच्या नजरेत जिज्ञासा नावाची एक पोर भरली. बदलापूरच्या शिरगावची ही मुलगी जन्मापासून बहिरी, दाराशी बसून पँटींचे धागे कापायची. तिला बोलवायचं तर सगळे कानाला हात लावायचे. तेच तिचं नाव झालं होतं. बनूबाईने तिला चार वर्षं कटिंग शिकवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा काम सोडताना तिने मला जिज्ञासाच्या गळ्यात घातलं आणि सगळ्यांना दम भरला, "आजपासून ही मास्टर. परत कानाला हात लावून बोलवलंत तर याद राखा!"

दुसऱ्या दिवसापासून खूण बदलली. लोक दोन्ही हात गळ्यावरून छातीवर उतरवायचे, म्हणजे टेप. पहिल्यांदा ती खूण झाली तेव्हा जिज्ञासाने मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतायत म्हणून. मग कळलं तेव्हा किती गोड हसली! मलाच भरून आलं.

आणि मी काय केलं? केसाने गळा कापला.

एका संध्याकाळी घाईत दोरी सापडेना, तर कोणीतरी मलाच दोरी करून कापडाचा गठ्ठा करकचून बांधला. मी ताणला गेलो. छत्तीस इंचांमागे अर्धा इंच. अंगावरचे आकडे जागच्या जागी होते, म्हणून मी मनाची समजूत घातली, एवढ्याने काय होतंय! जिज्ञासाने माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. दीडशे पँटी कमरेत ढिल्या झाल्या आणि सगळा माल परत आला.

शेठ कडाडला, "मी बोललेलो ना बनूबाईला! सुनाई देत नाही हिला, नंबर गलत समजली असणार."

अहो, मापं तर चिठ्ठीवर लिहून आली होती. त्यात ऐकायचं काय होतं? पण कोणी बोललं नाही. मीही नाही. शेठने मला तिच्या गळ्यातून ओढून धर्मेश नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या गळ्यात घातलं. जिज्ञासा परत दाराशी बसली.

महिन्याभरात धर्मेशचाही माल ढिला निघाला. शेठने मला लोखंडी पट्टीवर ताणून पाहिलं आणि हसला.

"अरे, टेपच खेचलाय हा! तुझी काय गलती? फेक त्याला, नवीन घे."

मला वाटलं, आता तरी तो दाराकडे बघेल. त्याने चहा मागवला.

मी सध्या चिंध्यांच्या गोणीत आहे, आणि माझी जागा तीच आहे. पण जिज्ञासा अजून धागे कापतेय, चूक आपलीच होती असं समजून. कॅम्प पाचकडे कोणी गेलात तर शेठला म्हणावं, 'चूक तुमची नव्हती, टेपची होती', एवढं तिला कागदावर लिहून दे. आणि खाली सही कर.